कंठस्थ ते हृदयस्थ
(ख्रिस्तपुराण, मराठी बायबल आणि आपले पाठांतर)

ज्या घरात बायबलची प्रत नाही असे मराठी कॅथलिक घर आता विरळाच. दृढीकरण संस्काराच्या वेळी, लग्नात, घराच्या आशीर्वादाच्या दिवशी ती भेट म्हणून येते आणि घरच्या वेदीवर क्रुसाशेजारी आदराने ठेवली जाते. तिच्यासमोर दिवा लागतो, फुले वाहिली जातात. हा आदर मनापासूनचा आहे यात शंका नाही. पण ग्रंथ घरात आला म्हणजे ग्रंथातील शब्द माणसात उतरला असे होत नाही. पुस्तक न उघडता एखादे संपूर्ण स्तोत्र म्हणून दाखवा, उधळ्या पुत्राचा दाखला लूकने सांगितला त्या क्रमाने सांगा, असे आपल्यापैकी कोणाला विचारले तर किती जण न अडखळता ते करू शकतील? रविवारी तीन वाचने ऐकून घरी परतलेल्या कुटुंबाला दुपारच्या जेवणापर्यंत त्यांतले काय आठवते?

पाठांतराविषयी आपल्या मनात दोन अढी आहेत. पहिली शाळेने दिलेली: पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, पोपटपंची, समजुतीचा शत्रू. दुसरी अढी आपली खास कॅथलिक: बायबलची वचने पाठ करणे ही प्रॉटेस्टंट बंधूंची रीत, आपली रीत मिस्साची आणि रोझरीची. या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत. मराठी भाषेत कॅथलिक श्रद्धेने निर्माण केलेली पहिली थोर साहित्यकृती मुळात ऐकण्यासाठी, म्हणण्यासाठी आणि लक्षात ठेवण्यासाठीच रचली गेली. ती कृती म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. त्याच्याकडे आपण भाषेचा अलंकार म्हणून पाहतो, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्यांचा अभिमानाने उल्लेख करतो आणि ग्रंथ परत कपाटात ठेवतो. पण पवित्र शास्त्र माणसाच्या स्मरणात कसे रुजवावे, या दृष्टीने त्याचे वाचन क्वचितच झाले आहे. ते येथे करून पाहावयाचे आहे.

एका श्रोत्याचा प्रश्न

स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. येशूसंघीय म्हणून ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली निधन होईपर्यंत इथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी प्रांतात गेला. त्यांचे पुराण १६१६ साली रायतूर, म्हणजे राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणात विश्वाच्या निर्मितीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार, ३६ अवस्वरूंत म्हणजे अध्यायांत. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, ५९ अवस्वरूंत. एकंदर ओव्या सुमारे ११ हजार.

या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग झाल्यावर एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, तुम्ही शिकवता ती दोत्रीन मुलांना व नवख्यांना ठीक आहे. पण आमच्याकडे पूर्वी जी पुराणे होती ती तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशीच दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एका समाजाचे दुःख आहे. गोव्यात त्या काळी जुने ग्रंथ हिरावून घेतले गेले होते, मंदिरे पाडली गेली होती, १५६० पासून धर्मसमीक्षण सभा काम करीत होती. या सत्तेचा इतिहास आपण झाकून ठेवू नये. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला प्रश्नोत्तरे पाठ होती. परंतु संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणावी अशी कथा त्याच्यापाशी उरली नव्हती. त्याचे स्मरण रिकामे झाले होते. धर्माचे नियम पाठ असले तरी श्रद्धेला राहण्यासाठी कथा लागते, ओवी लागते, हे त्या श्रोत्याने पाद्रींच्याही आधी ओळखले होते. त्यांनी त्याचे ऐकले, हे त्यांचे मोठेपण.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ट्रेंट परिषदेनंतर १५६४ साली निघालेल्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांप्रमाणे सामान्य माणसाला देशी भाषेतील बायबल वाचण्यासाठी धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागे. त्यामुळे मराठी-कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना बायबलचे भाषांतर मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. त्यांना जे मिळाले ते पुराण होते. आणि तेच कित्येक पिढ्या त्यांचे बायबल झाले.

ओवीची कारागिरी

स्टीफन्सनी ओवी निवडली. पहिले तीन चरण एकाच यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला हा छंद मराठी माणसाच्या कानात इतका मुरला आहे की, तो वाचताना आपण त्याच्या कामाकडे लक्षच देत नाही. ते काम स्मरणाचे आहे. पहिल्या चरणाचे यमक कानावर पडले की मन दुसऱ्याची वाट पाहू लागते. मधला शब्द विसरला तरी यमक त्याला ओढून आणते. चौथ्या चरणावर श्वास टेकतो आणि तेवढ्या विसाव्यात अर्थ खाली बसतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी ओवी हेच पुस्तकाचे पान असते. दळणकांडणाच्या ओव्यांनी आपल्या बायकांना जे सांभाळून दिले आणि हरिपाठाने वारकऱ्यांना जे दिले, तेच साधन स्टीफन्सनी शुभवर्तमानाच्या सेवेला लावले.

भाषेविषयीचा त्यांचा निर्णयही याच हेतूने झालेला दिसतो. शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजणार नाही म्हणून तिच्यात गोव्याच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असे ते स्वतःच सांगतात. पंडितांच्या दृष्टीने ही भेसळ ठरेल. पण श्रोत्याच्या कानाला अडेल असा शब्द जिभेवर टिकत नाही, हे त्यांनी जाणले होते. दुसरीकडे, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आणि देवासाठी ‘परमेश्वर’ असे शब्द त्यांनी बिनदिक्कत वापरले. श्रोत्याच्या स्मरणात आधीपासून घर करून असलेल्या शब्दांत त्यांनी ख्रिस्तकथा वसविली.

या कारागिरीची परीक्षा काळाने घेतली. १६४९ आणि १६५४ साली पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. पुराण पुन्हा छापले गेले ते थेट १९०७ साली, मंगळूर येथे, जे. एल. सलढाणा यांच्या संपादनाने. मध्ये २५३ वर्षे गेली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. इतका काळ पुराण जगले ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या मुखात. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा धर्मगुरूंवाचून राहिलेल्या त्या माणसांना पुराणातील ओव्यांनी आधार दिला, असे तिकडची परंपरा सांगते. छापखाना बंद पडू शकतो, चर्च पाडले जाऊ शकते, पुस्तक काढून घेतले जाऊ शकते. कंठातली ओवी काढून घेता येत नाही. नंतर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली, १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्कांव यांची, अर्वाचीन मराठी गद्यासह, आवृत्ती आली. आज पुराण पुन्हा हाती आले आहे. दुर्दैव एवढेच की, ते हाती आले तेव्हा कंठातून गेले होते.

पुराणाची मर्यादा

पुराणाचा गौरव करताना त्याची उणीव सांगितली नाही तर समीक्षा अपुरी राहील. ख्रिस्तपुराण हे बायबल नव्हे. त्यात निवड आहे, विस्तार आहे, परंपरेतल्या कथांची भर आहे. आणि त्या काळाच्या धर्मदृष्टीला साजेशी इतर दैवतांवरील कठोर टीकाही आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांविषयी आदर शिकविला. त्यानंतर शेजाऱ्याच्या श्रद्धेला दुखावणाऱ्या ओव्या कोणी भक्तिभावाने म्हणू शकत नाही. पाठांतराचा हा धोका लक्षात ठेवायला हवा. स्मरण धान्याबरोबर कोंडाही साठवते. जे गोड लयीत बांधलेले असते ते खरेच असते असे नाही. आणि लहानपणी तोंडात बसलेले शब्द मोठेपणी तपासून पाहण्याची सवय नसेल, तर लयच निर्णय देऊ लागते.

म्हणून पाठांतराला अभ्यासाची जोड हवी. हे दोन वेगळे मार्ग आहेत आणि एक बुद्धिमंतांचा, दुसरा भोळ्यांचा, अशी वाटणी आपण करून बसलो आहोत. शुभवर्तमान मात्र ही वाटणी मानत नाही.

दोघांचे पाठांतर

मत्तय आणि लूक यांनी सांगितलेला रानातील परीक्षेचा प्रसंग घ्या. साहित्य म्हणून तो पाहिला तर ती पाठांतराची स्पर्धाच आहे. येशूजवळ रानात पुस्तक नाही, गुंडाळी नाही. चाळीस दिवसांच्या उपवासाने देह थकलेला आहे. तीनही वेळा तो जे उत्तर देतो ते अनुवाद या ग्रंथातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून येते. इस्राएलही रानात असतानाचे ते शब्द आहेत. म्हणजे येशूने वचन आठवले तेव्हा त्या वचनामागचा सारा प्रवास आठवला: भूक, मान्ना, कुरकुर, देवाचा धीर. उत्तर प्रसंगाला नेमके बसते, कारण ते आपल्या जागेसकट आठवलेले आहे.

आता दुसरा पाठक पाहा. सैतानालाही स्तोत्र पाठ आहे. एक्याण्णवाव्या स्तोत्रातील देवदूतांविषयीचे शब्द तो बिनचूक म्हणतो. पण ज्या स्तोत्रात देवाच्या आश्रयाला राहणाऱ्या माणसाचा शांत विश्वास आहे, त्यातून दोन ओळी उचलून तो त्यांचे आव्हान बनवितो. शब्द तेच, उच्चार निर्दोष; संदर्भ मात्र तोडलेला. अभ्यासावाचून केलेल्या पाठांतराचे याहून कठोर चित्र वाङ्मयात शोधून सापडणार नाही. शेजाऱ्याला हरविण्यासाठी, सुनेला गप्प करण्यासाठी, आजाऱ्याच्या दुःखाची बोळवण करण्यासाठी आपण जेव्हा एखादे वचन फेकतो, तेव्हा आपण कोणत्या पाठकाच्या बाजूला उभे असतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

याच्या उलट मारियेचे स्तोत्र. अलीशिबेच्या दारात ती जे गाते त्याची बैठक पहिल्या शमुवेल ग्रंथातील हन्नाच्या गीतावर आहे. गर्विष्ठांचा पाडाव, भुकेल्यांची तृप्ती, दीनांचा उत्कर्ष ही चित्रे तिने शोधून काढलेली नाहीत. तिला ती आजीपणजींकडून मिळाली होती. पण ती म्हणताना तिने हन्नाची नक्कल केली नाही. आपल्या पोटातील बाळाच्या, आपल्या गावच्या, आपल्या लहानपणाच्या अनुभवात ते जुने शब्द तिने पुन्हा जन्माला घातले. लूक दोनदा सांगतो की, ती या सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवी. अंतःकरणात जपलेले शब्द आयत्या वेळी नवे होऊन बाहेर येतात. पाठांतर निर्मितीला मारते असे म्हणणाऱ्यांनी हे स्तोत्र वाचावे.

आणि शेवटी क्रूस. बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक येशूच्या मुखी येते. लूकच्या वृत्तांतात एकतिसाव्या स्तोत्राचे शब्द येतात. वेदनेच्या त्या घटकेला नवे शब्द रचण्याचे बळ कोणात असते? लहानपणी नासरेथच्या घरात जे कानी पडले तेच ओठांवर आले. ज्याला बाविसावे स्तोत्र केवळ पहिल्या ओळीपुरते ठाऊक आहे त्याला तेथे निराशा ऐकू येईल. ज्याला ते शेवटपर्यंत ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असते की, ते स्तोत्र आक्रोशातून सुरू होऊन पुढे देवाच्या स्तुतीकडे जाते. वचन पुरते पाठ असणे आणि अर्धे पाठ असणे यांत एवढे अंतर आहे.

आपलीच रीत

बायबलचे पाठांतर ही कॅथलिक रीत नव्हे, या समजुतीला इतिहासात आधार नाही. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये संत पाखोमियस यांनी मठवासीयांसाठी जे नियम केले, त्यांत प्रत्येकाने किमान स्तोत्रसंहिता आणि नवा करार पाठ करावा अशी अपेक्षा होती. संत अथनासियस यांनी लिहिलेल्या चरित्रात संत अँथनी यांचे वर्णन आहे: चर्चमध्ये ऐकलेला शब्द ते असा धरून ठेवीत की, स्मरणशक्ती हेच त्यांचे पुस्तक झाले होते. पुढे मठांतून जी पवित्र वाचनाची पद्धत रूढ झाली, तिच्यात वाचलेले वचन दिवसभर हळूहळू म्हणत राहणे यालाच मनन म्हणत. त्यासाठी दिलेली उपमा गाईच्या रवंथाची आहे. शेतात भराभर खाल्लेले गाय सावलीत बसून सावकाश चघळते. बाराव्या शतकात कार्थुसियन मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी याच साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. पहिली पायरी चढून उतरायची आणि दुसरी चढायचीच नाही, असे आपले चालले आहे.

रोझरी तरी काय आहे? ज्यांना दीडशे स्तोत्रे वाचता येत नव्हती, त्यांनी दीडशे वेळा ‘नमो मारिया’ म्हणावे, अशी तिची परंपरा. म्हणून तिला मारियेची स्तोत्रसंहिता म्हणत. त्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातील देवदूताच्या आणि अलीशिबेच्या शब्दांचा आहे. प्रभूची प्रार्थना मत्तयच्या सहाव्या अध्यायातली. मिस्सातील ‘पवित्र, पवित्र’ यशयाच्या दर्शनातून येते. महिमास्तोत्राचा आरंभ बेथलेहेमच्या देवदूतांचा, देवाच्या कोकराची प्रार्थना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या साक्षीवर उभी, आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण जे म्हणतो ते त्या रोमन शताधिपतीचे शब्द. म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही बायबलचा मोठा भाग पाठ होता. तो बायबलमधला आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. अभ्यासाने तिच्या त्या ठेव्याचा पत्ता तिच्या हाती दिला असता. आपली गंमत उलटी आहे. आपल्याला पत्ता माहीत आहे, ठेवा माहीत नाही.

सुबोध आणि स्मरणीय

येथे आपल्या मराठी बायबलकडे वळले पाहिजे. १८०५ साली सेरामपूरहून विल्यम केरी यांचे मराठी मत्तय निघाले, तेव्हापासून भाषांतराची परंपरा अखंड चालू आहे. या परंपरेतले एक तेजस्वी पान पंडिता रमाबाईंचे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबल मराठीत आणले, १९२२ साली मृत्यूच्या उंबरठ्यावर असताना ते काम संपविले, आणि केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते छापले. खेड्यातल्या बाईला समजावे हे त्यांचे ध्येय. पण स्टीफन्स जेथे ‘वैकुंठ’ म्हणतात तेथे रमाबाई थांबतात. जुन्या धर्मकल्पनांनी भारलेले शब्द त्यांना नको होते. एकाने ओळखीच्या शब्दांवर घर बांधले, दुसरीने जमीन साफ करून पाया घातला. स्टीफन्सचा मार्ग स्मरणाला सोपा, रमाबाईंचा अर्थाला काटेकोर. दोघांनाही एकच बाई डोळ्यांसमोर दिसत होती: जिच्यापाशी पुस्तकविद्या नाही आणि जिला देवाचा शब्द हवा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे दोन्ही पक्ष कळले होते. म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध रचावयास घेतले. १९१९ साली ते गेले आणि लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेले. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. बायबल हे मराठी वाचकाचेही पुस्तक व्हावे, ही त्यांची तळमळ त्या ग्रंथाच्या नावातच आहे. एका वाचनात अर्थ लागावा असे गद्य देणे ही लहान सेवा नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो कोणत्याही एका अनुवादापुरता नाही. सुबोध गद्य चटकन समजते. आणि चटकन समजलेले चटकन निसटतेही. आपण धर्मग्रंथाचे भाषांतर डोळ्यांनी तपासतो. कानांनी तपासण्याची रीत आपल्याकडे नाही. वाक्य अचूक आहे का, एवढेच विचारतो. ते दहा वेळा म्हटल्यावर जिभेवर बसते का, वेदनेच्या वेळी एका श्वासात म्हणता येईल का, वाचकाला मंचावर उभे राहून म्हणताना कोठे थांबावे हे कळते का, हे विचारत नाही. मूळ हिब्रू स्तोत्रे तर समांतर ओळींची आहेत: एक ओळ अर्थ मांडते, दुसरी तोच अर्थ वेगळ्या शब्दांनी उचलून धरते. ही जोडी ओवीच्या यमकाइतकीच स्मरणाला पोषक आहे. भाषांतरात ती जोडी मोडून एकच सरळ वाक्य केले, तर अर्थ राहतो पण आठवणीचा हात सुटतो. पुढे मराठी बायबलची जी सुधारित भाषांतरे होतील, त्यांच्या समितीत भाषातज्ज्ञांबरोबर एखादी भजन सांगणारी, ओव्या म्हणणारी बाईही असावी.

दुसरी उणीव आपल्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. धर्मग्रामातील बायबल स्पर्धांना मुले उत्साहाने येतात, त्यामागे शिक्षकांची मेहनत असते. पण विचारले जाते ते बहुधा आकडे आणि नावे: किती टोपल्या उरल्या, कोणाचा मुलगा कोण, कोणते वचन कोणत्या अध्यायात. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते १५५१ साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने. हे आकडे शोधण्याच्या सोयीचे आहेत. मत्तयला ते ठाऊक नव्हते, मारियेलाही नव्हते. मुलाला क्रमांक पाठ आहे आणि कथा येत नाही, यात आपण त्याला दाराचा नंबर दिला आणि घर दाखविलेच नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या वसईच्या परिसरात घरी सामवेदी, वाडवळी अशा बोली नांदतात आणि चर्चमध्ये ग्रांथिक मराठी. मुलाने वचन ग्रांथिक मराठीत पाठ केले आणि त्याला घरच्या बोलीत ते सांगताच आले नाही, तर ते वचन चर्चच्या दारातच थांबले असे समजावे. स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी बोलीला दार उघडले. आपण ते लावून घेण्याचे कारण नाही.

घराघरांत

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानात पवित्र शास्त्राचे दार सर्व श्रद्धावंतांना उघडे असावे असे सांगितले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. दार उघडून साठ वर्षे झाली. आत जाण्याचे काम मात्र कोणी आपल्यासाठी करणार नाही.

ते काम मोठ्या योजनेवाचून होण्याजोगे आहे. एका कुटुंबाने एका उपासनाकाळात एकच उतारा घ्यावा. सुटी वचने नकोत. पूर्ण स्तोत्र किंवा पूर्ण दाखला असावा. आगमनकाळात मारियेचे स्तोत्र, उपवासकाळात एकशे तिसावे स्तोत्र, पुनरुत्थानकाळात अम्माऊसच्या वाटेची कथा. पहिल्या आठवड्यात ते मोठ्याने वाचावे, नुसते ऐकावे. दुसऱ्या आठवड्यात विचारावे: हे कोण बोलत आहे, कोणाला, कोणत्या दुःखात किंवा आनंदात? याच्या आधी काय घडले, नंतर काय? टिपा पाहाव्यात, धर्मगुरूंना विचारावे. मग रोझरीनंतर रोज थोडे थोडे म्हणावे. जो चुकेल त्याला दुसऱ्याने उचलून द्यावे. शेवटी घरातील लहानाने ते आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगावे. वर्षाकाठी तीन-चार उतारे होतील. दहा वर्षांत त्या घरापाशी एक छोटे बायबल असेल, जे दिवे गेल्यावरही वाचता येईल.

अम्माऊसच्या वाटेवरच्या त्या दोन शिष्यांचे उदाहरण यासाठीच मोलाचे आहे. मोशे आणि संदेष्टे त्यांना लहानपणापासून ऐकून ठाऊक होते. तरी त्यांचा अर्थ न लागल्यामुळे ते खिन्न होऊन घरी चालले होते. वाटेत सोबतीला आलेल्या प्रवाशाने त्यांना नवा ग्रंथ दिला नाही. ठाऊक असलेलेच उलगडून सांगितले, आणि त्यांची अंतःकरणे पेटली. पाठांतर झाले नसते तर उलगडायला काही नसते. उलगडा झाला नसता तर पाठांतर खिशातल्या बंद पत्रासारखे राहिले असते. पुढे भाकर मोडताना त्यांनी प्रभूला ओळखले, त्याची तयारी वाटेवर झाली होती.

मराठीत या प्रवासाचे टप्पे शब्दांतच नोंदवलेले आहेत. आधी वचन तोंडपाठ होते, मग कंठस्थ, आणि ज्या दिवशी ते आपल्या वागण्यात दिसू लागते त्या दिवशी हृदयस्थ. पहिला टप्पा मुलांना लहान वयातच सहज गाठता येतो; दुसऱ्याला नित्याचा सराव लागतो; तिसरा प्रभूच्या कृपेचा आहे. पहिले दोन आपल्या हातात आहेत. येत्या उपासनाकाळापासून वेदीवरचे बायबल खाली उतरवावे, घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती द्यावे आणि त्याला मोठ्याने वाचावयास सांगावे. आपण ऐकावे, आणि ऐकलेले जपावे.